तुतनखामेनचा खून झाला असं जग ३७ वर्षं म्हणत होतं, पण सगळा घोळ मानेच्या पहिल्या मणक्याने घातला होता

तुतनखामेन म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर पहिल्यांदा काय येतं? तर तो सोन्याचा मुखवटा. निळ्या पट्ट्यांचा, शांत चेहऱ्याचा, मोठ्या डोळ्यांचा.

दुसरं काय येतं? तर तो शाप. कबर उघडली आणि माणसं मेली वगैरे.

पण या मुखवट्याच्या मागे एक पोरगं होतं. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी राजा झालेलं आणि एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास मेलेलं. हे पोरगं नेमकं कशाने मेलं, यावर गेली शंभर वर्षं वाद सुरू आहे.

या वादात एक काळ असा आला की सगळी गाडी त्याच्या मानेवर येऊन थांबली. कुणी म्हणालं मानेच्या वर, डोक्यात वार झाला. कुणी म्हणालं त्याची मान जन्मापासूनच जोडलेली होती, म्हणून साध्या धक्क्याने गेला. त्याच्या एका विश्वासू माणसावर तर खुनाचा आळ आला, आणि तो माणूस स्वतःची बाजू मांडायला हजर नव्हता, कारण त्याला मरून तीन हजारांहून जास्त वर्षं झाली होती.

तर हा सगळा विषय नेमका काय आहे, ते एकदा पहिल्यापासून बघू.

राजाचं पोर, पण घरात राडा

साल साधारण इसवीसनपूर्व १३४१. इजिप्तमध्ये अठराव्या राजघराण्याची सत्ता होती. गादीवर होता अखेनातेन.

हा अखेनातेन म्हणजे एकदम वेगळा माणूस. इजिप्तमध्ये तेव्हा शेकडो देव होते आणि सगळ्यात ताकदवान होता आमून. आमूनच्या मंदिराकडे जमिनी, गुरं, सोनं असं सगळं होतं आणि पुजाऱ्यांचा दबदबा राजाइतकाच होता. अखेनातेनने हे सगळं बाजूला सारलं. सूर्याची तबकडी, म्हणजे आतेन, हाच देव असं त्याने ठरवलं. आमूनचं नाव भिंतींवरून खरवडून काढायला लावलं. जुनी राजधानी सोडली आणि वाळवंटात अखेतातेन नावाचं नवं शहर वसवलं. आज त्या जागेला अमर्ना म्हणतात.

याच काळात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव ठेवलं तुतनखातेन. म्हणजे आतेनची जिवंत प्रतिमा.

त्याच्या आईचं नाव आजही सांगता येत नाही. पण २०१० साली ममींच्या डीएनएचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून एक गोष्ट पुढे आली. त्याचे आई आणि वडील हे सख्खे भाऊबहीण होते. वडील म्हणजे बहुतेक अखेनातेनच. इजिप्तच्या राजघराण्यात अशी लग्नं होत असत. रक्त घरातच राहावं हा हेतू. पण जवळच्या नात्यात लग्नं होत गेली की दोन्ही बाजूंनी आलेले सदोष जनुक एकत्र येण्याची शक्यता वाढते, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

या पोराला दूध पाजून वाढवणारी दाई होती माया. तिची कबर १९९६ साली सक्कारा इथे सापडली. तिथल्या भिंतीवर ती छोट्या राजाला मांडीवर घेऊन बसलेली कोरली आहे. आईचं नाव काळाने पुसलं, पण दाईचं नाव राहिलं.

नवव्या वर्षी राज्य

अखेनातेन मेला. मधे एक-दोन राज्यकर्ते थोड्या काळासाठी आले आणि गेले. त्यानंतर साधारण इसवीसनपूर्व १३३२ मध्ये गादीवर बसला हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

त्याचं लग्न लावलं गेलं अखेनातेन आणि नेफरतिती यांच्या मुलीशी, म्हणजे त्याच्या सावत्र बहिणीशी. तिचं नाव अंखेसेनपातेन.

आता आठ-नऊ वर्षांचं पोरगं काय राज्य करणार? आपल्याकडे नाही का, राजा लहान असला की कारभार कारभाऱ्यांच्या हातात असायचा, तसंच तिथेही झालं. दोन माणसं मोठी होती. एक आय, दरबारातला जुना मुरलेला माणूस. दुसरा होरेमहेब, लष्कराचा प्रमुख.

या मंडळींनी राजाच्या नावाने घड्याळ उलटं फिरवलं. आमून परत आला. मंदिरं पुन्हा उघडली. नवी राजधानी सोडून दिली. राजाचं नाव बदलून तुतनखामेन झालं आणि राणीचं अंखेसेनामून. म्हणजे दोघांच्याही नावातला आतेन गेला आणि तिथे आमून आला. कर्नाकच्या मंदिरात एक शिलालेख सापडला आहे, त्यात बापाच्या काळात मंदिरांची कशी दैना झाली होती आणि नव्या राजाने ती कशी दुरुस्त केली याची नोंद आहे.

बापाने जे उभं केलं ते पोराच्या नावाने पाडलं गेलं. त्यात त्या पोराची मर्जी किती होती हे कोण सांगणार.

राजाला शिकारीची, रथांची आवड होती असं त्याच्या कबरीतल्या वस्तू सांगतात. सहा रथ सापडले. धनुष्यं सापडली. पण काही चित्रांमध्ये तो बसून बाण मारताना दिसतो. आणि कबरीत सगळ्यात जास्त लक्ष वेधून घेणारी गोष्ट होती काठ्या. अख्ख्या आणि तुटक्या मिळून साधारण १३० काठ्या. त्यातल्या काही वापरून झिजलेल्या.

काठी हे इजिप्तमध्ये मानाचं चिन्ह होतंच. पण झिजलेली काठी वेगळं काहीतरी सांगते.

या जोडप्याला मुलं झाली नाहीत, म्हणजे जगली नाहीत. कबरीत दोन छोट्या शवपेट्या सापडल्या आणि त्यात दोन मुली होत्या. एक पाच-सहा महिन्यांचा गर्भ, दुसरी जन्माच्या अगदी जवळ येऊन गेलेली. दोघींच्याही ममी करून त्यांना नीट गुंडाळून ठेवलं होतं.

इसवीसनपूर्व १३२३ च्या सुमारास राजा मेला. वय साधारण १९.

घाईत उरकलेलं दफन

त्याची कबर फारच छोटी आहे. एखाद्या फॅरोला शोभेल अशी नाही. बहुतेक ती दुसऱ्याच कुणासाठी खोदली होती आणि राजा अचानक गेल्यामुळे घाईत वापरली गेली.

या कबरीच्या भिंतीवर एक चित्र आहे. मेलेल्या राजाचं तोंड उघडण्याचा विधी सुरू आहे, जेणेकरून त्याला पुढच्या जगात खाता-बोलता यावं. हा विधी वारसदार करतो. चित्रात तो करतोय आय. म्हणजे पोराच्या नावाने कारभार बघणारा माणूसच पुढचा राजा झाला.

इथेच पुढच्या सगळ्या संशयाचं बी पेरलं गेलं.

आय साधारण चार वर्षं राज्य करून गेला. मग होरेमहेब आला. त्याने आणि त्याच्या नंतरच्यांनी अखेनातेन, तुतनखामेन, आय ही सगळी नावं इतिहासातून काढून टाकली. अबिदोसच्या मंदिरात राजांची जी यादी कोरली आहे, त्यात ही नावंच नाहीत.

पण या विसरण्याचा एक फायदा झाला. तो कुठे पुरलाय हे लोक विसरले. कबरीच्या तोंडावर दगडमातीचा ढीग पडला, वर कामगारांच्या झोपड्या झाल्या, आणि मोठे मोठे फॅरो लुटले गेले तरी हा मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिला.

१९२२ : सापडला, पण तुटला

४ नोव्हेंबर १९२२. हॉवर्ड कार्टरच्या माणसांना राजांच्या दरीत दगडात कोरलेली एक पायरी सापडली. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पाच हजारांच्या वर वस्तू सापडल्या. एकात एक तीन शवपेट्या होत्या आणि सगळ्यात आतली तर भरीव सोन्याची, साधारण ११० किलोची.

पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही.

नोव्हेंबर १९२५ मध्ये ममीची तपासणी झाली. डग्लस डेरी आणि सालेह बे हमदी हे दोन डॉक्टर होते. दफनाच्या वेळी ममीवर इतकं राळेसारखं द्रव्य ओतलं होतं की ते सुकून दगड झालं होतं. ममी पेटीला चिकटली होती आणि डोकं मुखवट्याला.

ते निघेना. मग गरम सुऱ्या वापरल्या. धड कापलं, हातपाय सुटे केले, डोकं मानेपासून वेगळं केलं. नंतर हे सगळे तुकडे वाळू भरलेल्या एका ट्रेमध्ये नीट मांडून, अख्खा माणूस आहे असं वाटेल अशी रचना केली आणि ममी परत कबरीत ठेवली.

मान तुटली होती ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे कामाला येणार आहे.

१९६८ : एक एक्स-रे आणि खुनाची गोष्ट

१९६८ साली लिव्हरपूल विद्यापीठाचे प्राध्यापक रोनाल्ड हॅरिसन आपल्यासोबत एक छोटं एक्स-रे मशीन घेऊन कबरीत उतरले. तुतनखामेनचा हा पहिला एक्स-रे.

त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे कवटीच्या आत हाडाचे सुटे तुकडे. दुसरी, कवटीच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, एक संशयास्पद सावली. हॅरिसन यांनी ती रक्तस्रावाची असू शकते, अशी शक्यता बोलून दाखवली.

बास. एवढं पुरेसं होतं.

डोक्यात मागून वार, तरुण राजा, गादीवर डोळा ठेवून बसलेला म्हातारा कारभारी. याच्यापेक्षा चांगला सिनेमा कुठला? लेख आले, माहितीपट आले. १९९८ मध्ये बॉब ब्रायर या अमेरिकन अभ्यासकाचं खुनाच्या तर्कावर अख्खं पुस्तक आलं आणि त्यात मुख्य संशयित होता आय.

त्यानंतर गुन्ह्यांचा तपास करणारी मंडळीही यात उतरली. आणि इथे एक नवीनच नाव पुढे आलं.

क्लिपेल-फाइल सिंड्रोम.

हे क्लिपेल-फाइल काय प्रकरण आहे?

थोडं थांबू आणि मान समजून घेऊ.

आपल्या मानेत ७ मणके असतात. जिराफाच्या मानेतही ७च असतात, फक्त त्याचे लांब असतात. यातले सगळ्यात वरचे दोन बाकीच्यांपेक्षा एकदम वेगळे आहेत.

पहिला मणका म्हणजे ॲटलस. ग्रीक कथेत आकाश खांद्यावर घेऊन उभा असलेला जो राक्षस आहे, त्याचं नाव याला दिलं, कारण हा डोकं पेलतो. हा मणका म्हणजे साधी हाडाची कडी. दुसरा मणका म्हणजे ॲक्सिस. त्याच्यातून एक खुंटी वर येते आणि ती या कडीत बसते. जात्याच्या खुंट्याभोवती पाळ फिरते ना, तसं डोकं आणि ॲटलस मिळून या खुंटीभोवती फिरतात. तुम्ही मान डावी-उजवीकडे वळवता तेव्हा जवळपास निम्मं वळणं या एकट्या सांध्यात होतं.

आणि याच कडीच्या आतून, खुंटीच्या मागून मज्जारज्जू जातो. श्वास, हात, पाय, सगळ्याच्या तारा तिथून गेलेल्या. म्हणजे जागा किती नाजूक आहे ते बघा.

हे मणके बनतात आईच्या पोटात, गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत. सुरुवातीला बाळाच्या पाठीशी ठोकळ्यांची एक रांग तयार होते. मग हे ठोकळे विशिष्ट क्रमाने विभागले जातात, पुन्हा जोडले जातात, आणि त्यातून सुटे सुटे मणके होतात. या विभागणीत काही चुकलं की मणके वेगळे होतच नाहीत. दोन किंवा जास्त मणके एकसंध राहतात.

१९१२ मध्ये पॅरिसमध्ये मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल या दोन डॉक्टरांनी असा एक रुग्ण नोंदवला. तो ४६ वर्षांचा शिंपी होता. त्याची मान इतकी आखूड होती की डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसायचं. मान वळत नव्हती आणि केस मानेवर फार खालपर्यंत उगवले होते. या दोघांच्या नावावरून आजाराचं नाव पडलं.

आखूड मान, खाली आलेली केसांची रेषा आणि कमी वळणारी मान ही याची तीन लक्षणं. पण गंमत अशी की ही तिन्ही लक्षणं एकत्र निम्म्याहून कमी रुग्णांत दिसतात. साधारण ४० हजार जन्मांमागे एकाला हा प्रकार असतो असं मानलं जातं. अनेकांना तर आयुष्यभर पत्ताच लागत नाही आणि दुसऱ्याच कशासाठी तरी एक्स-रे काढला की कळतं.

मानेच्या वरच्या टोकाला असे आणखीही जन्मजात दोष असतात. कधी ॲटलस कवटीलाच चिकटलेला असतो. कधी त्या कडीचा मागचा भाग पूर्ण जुळलेलाच नसतो. कधी ॲक्सिसची खुंटी मुळापासून सुटी राहते. आणि कधी ही खुंटी वर सरकून कवटीच्या तळाच्या भोकात घुसते आणि मेंदूच्या देठावर दाबते.

मणके जोडलेले असले की धोका कुठे असतो? तर जिथे जोडलेले नाहीत तिथे. चार बिजागऱ्यांपैकी तीन गंजून घट्ट झाल्या की सगळा ताण उरलेल्या एकीवर येतो आणि ती खिळखिळी होते. मग इतरांना काहीच होणार नाही अशा धक्क्याने अशा माणसाच्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की तुतनखामेनच्या गोष्टीत हे नाव का आलं.

एक्स-रेमध्ये त्याच्या मानेचे मणके जोडलेले दिसतात, असा दावा झाला. म्हणजे राजाला मान वळवता येत नसणार. कबरीत काठ्या सापडल्याच होत्या, त्यामुळे गोष्ट पटायला वेळ लागला नाही. आखडलेल्या मानेच्या राजाला कुणीतरी मागून ढकललं आणि तो गेला. म्हणजे खूनही झाला, आजारही होता. सगळं कसं फिट्ट बसलं.

पण मान काही वेगळंच सांगत होती

२००३ मध्ये एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञांनी एक साधं काम केलं. त्यांनी १९६८च्या त्याच फिल्म परत नीट बघितल्या. खऱ्या माणसाची कवटी असलेलं एक डोक्याचं मॉडेल घेतलं आणि त्याचे तसेच एक्स-रे काढून बघितले. कवटीच्या मागची ती संशयास्पद सावली अशा साध्या कवटीतही मिळाली. म्हणजे तो रक्तस्राव नव्हता, एक्स-रे कोणत्या कोनातून काढला याचा तो खेळ होता. कवटी आणि मान यांच्या एक्स-रेमधून मारहाणीचा किंवा खुनाचा काहीही पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. क्लिपेल-फाइलचा दावाही टिकला नाही.

मग आला ५ जानेवारी २००५.

झाही हवास यांच्या नेतृत्वाखाली इजिप्तच्या पथकाने ममी कबरीतून बाहेर काढली आणि दारातच उभ्या केलेल्या गाडीतल्या सीटी स्कॅन मशीनमध्ये ठेवली. साधारण १,७०० प्रतिमा काढल्या. एक्स-रे म्हणजे सगळ्या हाडांच्या सावल्या एकावर एक. सीटी स्कॅन म्हणजे पावाच्या स्लाइस कापून प्रत्येक स्लाइस वेगळी बघितल्यासारखं.

आणि त्यात कवटीतल्या त्या हाडाच्या तुकड्यांचं कोडं सुटलं.

ते तुकडे कवटीला वार लागून तुटलेले नव्हतेच. एक तुकडा होता मानेच्या पहिल्या मणक्याचा, म्हणजे ॲटलसचा. दुसरा होता कवटीच्या तळाला जे मोठं भोक असतं त्याच्या कडेचा.

आता ते आत कसे गेले?

ममी करताना कवटीत राळ ओतली होती आणि ती आत घट्ट झाली होती. हे तुकडे राजा जिवंत असताना किंवा मरताना तुटले असते तर त्या राळेत रुतून बसले असते. पण ते सुटे होते. म्हणजे तुटले ते नंतर. एकतर ममी करणाऱ्यांच्या हातून, नाहीतर १९२५ मध्ये मुखवट्यातून डोकं सोडवताना.

म्हणजे ज्या पुराव्यावर ३७ वर्षं खुनाची गोष्ट उभी होती, तो पुरावा बहुतेक तपास करणाऱ्यांनीच तयार केला होता. बिचारा आय उगाच बदनाम झाला.

मग राजा गेला कशाने?

सीटी स्कॅनमध्ये डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलेलं दिसलं. जखमेच्या आत ममी करतानाचं द्रव्य शिरलं होतं आणि हाड भरून येत असल्याची खूण नव्हती. म्हणजे मरणाच्या थोडे दिवस आधी पाय मोडला असावा आणि जखम चिघळली असावी, असं पथकातल्या काहींचं मत पडलं. काहींच्या मते हेही नंतरचंच नुकसान.

२०१० च्या अभ्यासात आणखी भर पडली. डावा पाय जन्मतः वाकडा, त्याच पायातल्या काही हाडांचा रक्तपुरवठा थांबून ती झिजलेली, टाळूत थोडी फट, पाठीच्या कण्याला हलकासा बाक. आणि शरीरात घातक मलेरियाच्या जंतूचे जनुकीय अंश. अशक्त शरीर, मोडलेला पाय आणि मलेरिया, असं त्या अभ्यासकांचं गणित. यातल्याही काही गोष्टींवर बाकीचे संशोधक वाद घालतात. इतक्या जुन्या डीएनएवर विश्वास किती ठेवायचा इथपासून ते पायाचा वाकडेपणा खरा की घट्ट गुंडाळल्यामुळे आलेला इथपर्यंत.

अशीच गोष्ट त्याच्या मुलीची. कबरीतल्या मोठ्या गर्भाचा हॅरिसन यांनीच एक्स-रे काढला होता. त्यात जन्मजात वर चढलेला खांदा, कण्याला बाक आणि पाठीच्या कण्यात फट, असे दोष नोंदवले गेले. वर चढलेला खांदा हा प्रकार क्लिपेल-फाइलच्या रुग्णांतही बऱ्याचदा दिसतो. म्हणजे बाप आणि लेक, दोघांनाही सारखाच शिक्का.

पुढे तिचाही सीटी स्कॅन झाला आणि कळलं की हे दोष जन्माचे नव्हतेच. ते इतक्या वर्षांत ममीची जी मोडतोड झाली त्याचे परिणाम होते.

यात आपल्या कामाचं काय?

तुतनखामेनच्या मानेत हा आजार नव्हता. पण आपल्या आसपास असा आजार असलेली माणसं असू शकतात, आणि त्यांच्याबाबतीत दोन्ही प्रकारच्या चुका होतात. काहींना उगाच शिक्का बसतो. आणि काहींचं निदान वर्षानुवर्षं होतच नाही. मान आखडली म्हणजे उशी चुकली, हातात मुंग्या येतात म्हणजे अशक्तपणा, चालताना झोक जातो म्हणजे वय झालं, असं म्हणून दिवस काढले जातात.

लहान मुलाची मान फार आखूड वाटत असेल, एका बाजूला कललेली असेल, मान वळवताना अख्खं अंग वळवावं लागत असेल, तर एकदा हाडांच्या किंवा मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांना दाखवावं. मणके जोडलेले निघाले तर डॉक्टर किडनी, हृदय आणि कान यांचीही तपासणी सांगतात, कारण हे सगळे अवयव पोटात साधारण एकाच काळात घडत असतात आणि त्यातही दोष असू शकतो. बऱ्याच जणांना ऑपरेशन लागत नाही. फक्त कुस्ती, कोलांट्या उड्या, डोक्यावर आदळण्याची भीती असलेले खेळ टाळायचे आणि अधूनमधून तपासणी करायची.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठीच. सलूनमध्ये दाढी-कटिंग झाली की मान धरून कडकन मोडायची सवय आपल्याकडे फार. ज्याच्या मानेचे वरचे दोन मणके जन्मतः सैल आहेत आणि ज्याला ते माहीतच नाही, त्याला हा कडकन आवाज फार महागात पडू शकतो. पुढच्या वेळी सरळ नको म्हणून सांगा.

ज्यांना ऑपरेशन लागतंच, त्यांच्यासाठी जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिचं मूळ परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये आहे. तिथले मेंदूविकार शल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी ॲटलस आणि ॲक्सिस हे दोन मणके स्क्रू आणि पट्टीने एकमेकांना घट्ट बसवण्याची पद्धत १९९४ मध्ये मांडली. पुढे जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये त्याच वाटेने जाणारी स्क्रू-रॉडची पद्धत मांडली. आज जगभरातले सर्जन या पद्धतीला गोयल-हार्म्स अशा जोडनावाने ओळखतात.

राहता राहिला राजा. त्याचा मुखवटा बघायला जगभरातून गर्दी होते. तो स्वतः मात्र अजूनही राजांच्या दरीत, त्याच छोट्या कबरीत आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याला हवा आणि तापमान सांभाळणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलं. अंगावर पांढरं कापड असतं, फक्त चेहरा आणि पाय दिसतात.

त्या कापडाखाली मान आजही धडापासून सुटी आहे. ती कुणी शत्रूने तोडली नव्हती आणि जन्मजात आखडलेलीही नव्हती. सोन्याचा मुखवटा निघत नव्हता म्हणून ती कापली गेली.